दोन पिशव्यांचा संसार

मोटारसायकलवरून लांबच्या प्रवासाला निघायचे ठरले, की माणसाला आपल्या संसाराचे वजन कळते. आगगाडीत ट्रंक बाकाखाली सरकवता येते, मोटारीची डिकी तर तक्रार न करता सारे पोटात घेते. मोटारसायकल मात्र मोठी हिशेबी! तिच्या पुस्तिकेत ती किती भार वाहील तो आकडा छापलेला असतो, आणि त्यात बसणाऱ्यांचे वजनही धरलेले असते.

भाऊबीज आटोपली की आम्ही उभयता रत्नागिरीहून कन्याकुमारीला निघणार आहोत. आमची दोघांची वये मिळून १२५ भरतात. चिरंजीव पुण्याहून रोज फोन करून विमानाच्या तिकिटांचे भाव ऐकवतात! रस्ता मात्र सरळ आहे. हातखंब्याला ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग धरायचा. पनवेलला सुरू होणारा हा रस्ता थेट कन्याकुमारीला जातो. रत्नागिरीपासून अंतर सुमारे १३०० किलोमीटर. रोज २०० किलोमीटर, दिवेलागणीच्या आत मुक्काम, म्हणजे सातव्या दिवशी पोचू.

खरा प्रश्न सामानाचा. मी फर्मान काढले, "माणशी एक पिशवी, आठ किलोची." सौभाग्यवतींनी ताणकाटा आणला आणि पहिली माझीच पिशवी टांगली. साडेअकरा किलो! तीन पुस्तके आणि जादा बूट तिथेच बाहेर आले.

मी त्यांना थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोन इंग्रज बायकांची हकीकत सांगितली. १९३४ च्या डिसेंबरात त्या लंडनहून मोटारसायकलवर निघाल्या आणि सहारा ओलांडून १९३५ च्या जुलैत केप टाउनला पोचल्या. "त्यांच्या गाडीला काय काय जोडले होते?" सौभाग्यवतींनी विचारले. साइडकार आणि मागे ट्रेलर, हे मला सांगावेच लागले. "मग आठ किलोचा उपदेश त्यांना करा!"

तरी दोघांनी मिळून यादी केली. जड वस्तू तळाशी, दोन्ही बाजूंना वजन सारखे, पिशवी सायलेन्सरला टेकता कामा नये आणि मागचा दिवा झाकला जाता कामा नये. क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरची एकेक जादा केबल, स्पार्क प्लग, पंक्चरचे सामान. औषधे मात्र पिशवीत नाहीत, अंगावरच्या खिशात. फराळातली चकली पहिल्याच गतिरोधकाला पीठ होईल, लाडू वजनाला भारी. म्हणून फणसपोळीची निवड झाली. आपण कोकणातले लोक दसऱ्याला रेनकोट माळ्यावर टाकतो; पण केरळात ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, तेव्हा रेनकोट सर्वांत वर. शिरस्त्राणे दोन, दोन्ही आय.एस.आय. शिक्क्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात चालवणारा आणि मागे बसणारा असा भेद नाही, आणि रस्त्यालाही तो ठाऊक नाही.

सौभाग्यवतींची पिशवी मात्र तीन दिवस रिकामीच होती. मला वाटले, त्यांचा बेत बदलला. शेवटी विचारले, तेव्हा म्हणाल्या, "अहो, नुसते माझे सामान कधी भरलेच नाही. मुलांचे स्वेटर, सासूबाईंचे पथ्याचे डबे, ज्यांच्याकडे उतरायचे त्यांच्यासाठी लोणची. त्यातून उरलेल्या कोपऱ्यात माझ्या दोन साड्या. आता अख्खी पिशवी माझी म्हणता, तर त्यात काय घालायचे तेच सुचत नाही."

अडतीस वर्षांच्या संसारात हे माझ्या कानावर प्रथमच आले. मी गप्पच राहिलो. कुठल्याही यादीत याला उत्तर नव्हते.

चौथ्या दिवशी पिशवी भरली. साडीचा पदर चाकात जाण्याची भीती, म्हणून गाडीवर पँट आणि जाकीट. मुक्कामासाठी सुती सलवार-कमीज दोन. शिवाय प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली चित्रकलेची वही आणि रंगांची डबी. लग्नाआधी त्या चित्रे काढीत, एवढे मी ऐकून होतो. पिशवी काट्यावर टांगली, तर भरली सव्वासहा किलो.

उरलेल्या पावणेदोन किलोंवर माझा डोळा होता. माझी तीन पुस्तके त्यात सहज बसली असती. सौभाग्यवतींनी पिशवीचा पट्टा ओढून घट्ट केला.

"ती जागा येताना लागेल," त्या म्हणाल्या.

वाचकहो, तुम्हीही या दिवाळीनंतर कुठे निघणार असाल, तर घरातला ताणकाटा जरूर काढा. आणि घरातल्या बाईची पिशवी तिची तिलाच भरू द्या. दोन-चार दिवस जास्त लागले तरी चालतील.