'नाही' लिहिण्याआधी

गेल्या आठवड्यात इशाच्या नमाजनंतर भाच्याचा इंग्लंडहून फोन आला. पोरगा वाढला आमच्या पौडमध्ये, नोकरीला लागला हिंजवडीत, आणि आता त्याच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे. शिकागोला चुलत बहिणीचं लग्न आहे. ब्रिटिश नागरिकाला अमेरिकेत नव्वद दिवसांपर्यंत फिरायला व्हिसा लागत नाही; 'एस्टा' नावाची ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. अडचण एवढीच, की २०१२ साली भारतीय पासपोर्टवर त्याला अमेरिकेचा व्हिसा नाकारला होता.

"मामू, अर्जात विचारलंय, पूर्वी व्हिसा नाकारला होता का? ओळखीचा एजंट म्हणतो, 'नाही' लिहा. जुना पासपोर्ट, जुनी गोष्ट, कोण बघतंय?"

मी म्हटलं, बेटा, प्रश्न नीट वाच. सध्याच्या किंवा आधीच्या पासपोर्टवर, असंच तिथे लिहिलंय. पासपोर्ट बदलला तरी माणूस तोच, आणि त्याच्या बोटांचे ठसेही तेच.

आपल्याकडे व्हिसा नाकारला की घरात कुणी गेल्यासारखी शांतता पसरते. नातेवाइकांपासून लपवाछपवी सुरू होते. खरं तर असे बहुतेक नकार २१४(ब) या कलमाखाली असतात. अर्जदार परत येणार नाही, असं गृहीत धरायचं आणि तसं नाही हे त्याने पटवून द्यायचं, असा तो कायदा. पटलं नाही, एवढाच त्या नकाराचा अर्थ. तो गुन्हा नाही आणि कायमची बंदीही नाही. पण जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर त्याच कायद्यात प्रवेशबंदी आयुष्यभराची होऊ शकते. मग सवलतीसाठी वेगळा अर्ज करत बसा.

भाच्याचा पुढचा प्रश्न मला जास्त लागला. "आधीच नाव मुसलमानाचं, त्यात नकार. उगाच संशय कशाला ओढवून घ्यायचा?"

ही भीती खोटी नाही. २०१५च्या अमेरिकी कायद्याने १ मार्च २०११नंतर इराक, इराण, सीरिया किंवा सुदानला गेलेल्यांसाठी, मोजके अपवाद सोडता, एस्टाचं दार बंद केलं. म्हणजे ब्रिटिश पासपोर्टवाला एखादा आपला माणूस करबलाच्या जियारतला गेला, तर त्यालाही व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागतं. हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते म्हणणारच. पण अन्यायावर खोट्या उत्तराचा उतारा चालत नाही. समोरच्याच्या मनात नुसता संशय असतो. आपण खोटं लिहून त्याच्या हातात पुरावा देतो.

'हो' लिहिलं तर काय होईल? कदाचित मंजुरी मिळेल, कदाचित नाही. उत्तर बहुधा ७२ तासांत येतं. एस्टा नाकारला तरी रीतसर व्हिसाचा अर्ज करता येतो, फक्त मुलाखतीला वेळ लागतो. म्हणून आधी अर्ज करायचा, तिकिटं नंतर काढायची. आणि अर्ज सरकारी संकेतस्थळावरच भरायचा. एजंटाने भरला तरी जबाबदार आपणच.

वर्गात मी मुलांना सांगतो, उत्तर चुकलं तर मार्क जातो, कॉपी केली तर पेपर जातो.

भाच्याने 'हो' लिहिलंय. उत्तर अजून आलेलं नाही. आपा रोज विचारते, "लग्नाला पोहोचेल ना रे?" मी सांगतो, पोहोचला तर याच नावाने, मान वर करून पोहोचेल.