एक जुनी बोट आणि तीन हिवाळे

बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत समुद्र नाही, बंदर नाही. तेव्हा शाळेच्या वार्तापत्रात जुन्या मोटारबोटीच्या दुरुस्तीचा विषय कशासाठी, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. पण नद्या आपल्याकडे आहेत. मांजरा, कारंजा, भीमा, अमरजा ही नावे आपल्या मुलांना भूगोलाच्या पुस्तकाआधी घरातच कळतात. गाणगापूरचा संगम आपल्या घरोघरीच्या यात्रेतला आहे. बाराव्या शतकात कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, जे शरण जमले त्यांत अंबिगर चौडय्या होते, आणि त्यांचा व्यवसाय नाव चालवण्याचा होता. नावाडी हा आपल्या भागाला परका माणूस नाही.

बोटीची आठवण मात्र आपल्याला पुराच्या दिवशीच होते. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला पूर आला तेव्हा अफझलपूर, जेवर्गी भागांतील गावांतून माणसे बोटींनी बाहेर काढावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये भीमा आणि मांजरा या दोन्ही नद्यांनी पुन्हा तोच अनुभव दिला. सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळची ८ ऑगस्ट २०१९ ची घटना तर विसरण्यासारखी नाही. पुरातून सुटण्यासाठी गावकरी ज्या बोटीत बसले, तीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे झाली, बोट उलटली आणि सतरा जणांचा बळी गेला. तहान लागल्यावर विहीर खणण्याची म्हण आपण मुलांना शिकवतो. पुरात बोट शोधणे आणि बोट मिळाल्यावर ती चालवणारा शोधणे हा त्याच म्हणीचा धडा आहे.

आमचे म्हणणे असे आहे की आपल्या भागाला बोटींइतकीच बोट सांभाळणाऱ्या माणसांची गरज आहे. अशी माणसे घडवायची असतील तर एखादी टाकून दिलेली फायबरची मोटारबोट घरी किंवा शाळेच्या आवारात आणावी, आणि ती दोन-तीन वर्षे सवडीने दुरुस्त करावी. परदेशात अनेक घरांच्या मागील दारी ताडपत्रीखाली अशी एखादी जुनी बोट असते आणि सुटीच्या दिवशी घरातील लहानथोर तिच्यावर काम करतात. ही पद्धत आपण आपल्या गरजेप्रमाणे उचलायला हरकत नाही.

जुनी फायबर बोट म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. काचेच्या बारीक धाग्यांचे कापड आणि पॉलिएस्टर रेझिन यांचे थरावर थर देऊन तिचा सांगाडा होतो. बाहेरून रंगीत जेलकोटचा लेप असतो. लोखंड गंजते, लाकूड कुजते, फायबर मात्र वर्षानुवर्षे टिकते. हाच तिचा गुण आणि हीच अडचण. लोखंडी बोट मोडली तर भंगारवाला वजनावर पैसे देतो. फायबरला कोणी विचारत नाही. ते वितळवून पुन्हा वापरता येत नाही, जाळले तर विषारी धूर होतो. म्हणून अशा बोटी काठावर पालथ्या पडून राहतात. फ्रान्सने तर २०१९ पासून जुन्या बोटी गोळा करून मोडण्यासाठी वेगळी व्यवस्थाच उभी केली आहे. आपल्याकडे तशी सोय नाही. तेव्हा जी बोट दुरुस्त होऊ शकते ती दुरुस्त करणे हाच शहाणपणाचा मार्ग उरतो.

फायबर टिकत असेल तर बोट निकामी का होते? दोष बहुधा आत असतो. इंजिन ज्या मागच्या फळीवर लटकते ती फळी आणि तळाच्या आतले लांबट आधार यांत पुष्कळ बोटींमध्ये लाकूड असते आणि वरून फायबर चढवलेले असते. स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपते आणि बाहेरून धडधाकट दिसणारी बोट आतून कुजते. हे ओळखायला यंत्र लागत नाही. मडके घेताना आपली आजी बोटाने वाजवून पाहते, तसे लहान हातोडीने ठोकत जावे. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. कान देऊन परीक्षा करायचा हा धडा सातवीच्या मुलालाही जमेल.

पुढचे काम घाईने होत नाही. तळाचे आधार कापण्यापूर्वी बोट खालून सर्व बाजूंनी नीट टेकवावी लागते, नाही तर तिचा आकार बिघडतो आणि तो पुन्हा येत नाही. कुजलेले लाकूड काढून आतला भाग अनेक आठवडे वाळू द्यावा लागतो. तडा गेला असेल तर नुसता लेप लावून भागत नाही. तड्याभोवतीचा भाग उतरता घासावा लागतो, तोही जाडीच्या साधारण बारा पट रुंद. म्हणजे पाच मिलिमीटर जाडीसाठी प्रत्येक बाजूला सहा सेंटिमीटर. मग कापडाचे तुकडे क्रमाने बसवत जायचे. गणिताच्या तासाला शिकलेले गुणोत्तर येथे हाताला कळते. रेझिनमध्ये हार्डनर साधारण एक ते दोन टक्के घालतात. आपल्या उन्हाळ्यात ते भांड्यातच घट्ट होऊन बसते, आणि पावसाळ्यातील दमटपणाने चिकटपणा बिघडतो. म्हणून आपल्याकडे फायबरचे काम दिवाळीनंतर सुरू करून होळीपर्यंत आटोपावे हे उत्तम. तीन हिवाळे असे आम्ही म्हणतो ते यासाठीच.

इंजिनाचेही तसेच. बहुतेक मोटारबोटींचे इंजिन बाहेरचे पाणी ओढून थंड राहते. म्हणून ते कोरडे चालवायचे नसते, पाण्याने भरलेल्या पिंपात त्याचा पंखा आणि खालचा भाग बुडवून चालवून पाहायचे असते. पाणी ओढणारे रबरी चक्र वापराविना कडक होते. टाकीत राहिलेले जुने पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकट साका धरते. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते आपल्याच भागातील उसापासूनही होते, ही आनंदाची गोष्ट, पण इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते. पेट्रोल महिनोन् महिने भरून ठेवलेले इंजिन ऐन वेळी सुरू होत नाही, त्याचे एक कारण हे आहे. पुराच्या दिवशी दोरी ओढून ओढून हात दुखल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

या कामाला गुरू कोठून आणायचे? त्यासाठी दूर जावे लागणार नाही. फायबरची दारे, टाक्या, मूर्ती बनवणारे कारागीर आपल्या शहरांत आहेत. ट्रॅक्टरचे मेकॅनिक आहेत, बोअरची मोटार उघडून बांधणारे आहेत, सुतार आहेत. बिदरमध्ये तर बिदरीकाम करणारे कलावंत आहेत. जस्त आणि तांब्याचे ओतीव भांडे, त्यावर कोरीव नक्षी, तीत चांदीची तार आणि शेवटी किल्ल्यातील मातीने चढवलेला काळा रंग, हा क्रम ते पिढ्यान् पिढ्या मोडत नाहीत. मधली एक पायरी गाळली तर शेवटची साधत नाही, हे त्यांच्याइतके चांगले कोण सांगणार?

मोठी उदाहरणेही आपल्या भाषेच्या माणसांतच आहेत. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात भारतीय नौदलाची ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली गेली. तिच्या लाकडी गाभ्यावर फायबरचे थर आहेत. ती घेऊन दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि चार ठिकाणी थांबून, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून, १९ मे २०१० रोजी मुंबईस परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. नौका तयार होऊन हाती येईपर्यंत ते वाट पाहत बसले नाहीत. बांधणी चालू असतानाच ते तीत गुंतले होते. भर समुद्रात मेकॅनिकला बोलावता येत नाही, म्हणून नौकेचा खिळा न् खिळा माहीत असावा लागतो. दोंदे ज्यांच्याकडे शिकले ते सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ ही सागवानी नौका तर आपल्या मुंबईतच बांधलेली. १९६८-६९ मध्ये तिच्यातून त्यांनी कोठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा केली, आणि सत्तरी ओलांडल्यावर तीच नौका स्वतः राबून पुन्हा पाण्यात उतरण्यायोग्य केली. ‘सुहैली’ लाकडाची, आपली बोट फायबरची, पण धडा एकच. वस्तू आपली म्हणायची तर तिची दुरुस्ती आपल्याला आली पाहिजे.

याउलट आपल्या मुलांचे प्रकल्प कसे होतात ते पाहा. आदल्या रात्री आईबाबा थर्माकोल कापतात, दुकानातून आणलेली चित्रे चिकटवतात, गुण मिळतात आणि आठवडाभरात तो प्रकल्प कचऱ्यात जातो. यात मुलाने काय केले? प्रत्येक वर्षी नवे काही तरी दाखवण्याच्या हौसेत जुने काही सांभाळण्याचा अभ्यास कोठेच होत नाही. आमच्या मते शाळेत एक तरी काम असे असावे की जे एका इयत्तेत संपणार नाही, जे आठवीची मुले सुरू करतील आणि त्यांच्या मागची मुले पूर्ण करतील.

यावर आक्षेप येतील, आणि ते खोटे नाहीत. पहिला आक्षेप खर्चाचा. केवळ पैशांचा हिशेब मांडला तर जुनी बोट दुरुस्त करण्यापेक्षा चालू स्थितीतली बोट विकत घेणे पुष्कळदा स्वस्त पडते. हे आम्हाला मान्य आहे. पण विकत घेतलेल्या बोटीबरोबर ती दुरुस्त करणारे वीस विद्यार्थी मिळत नाहीत. दुसरा आक्षेप धोक्याचा. काचेची धूळ अंगाला खाज आणते आणि छातीत जाऊ नये. रेझिनचा वास उघड्यावरच सोसवतो. हार्डनर डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, आणि हार्डनर व कोबाल्ट ॲक्सिलरेटर एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडू शकतो. म्हणून घासण्याचे आणि मिसळण्याचे काम जाणत्या कारागिरानेच करावे. मुलांनी मोजमाप, नोंदी, कापड बेतणे, सुतारकामाला हातभार, इंजिनाची साफसफाई अशी कामे करावीत, आणि हातमोजे, चष्मा, मास्क यांशिवाय कोणी जवळ जाऊ नये. तिसरा आक्षेप दहावीच्या परीक्षेचा. दहावीच्या मुलांना यातून मोकळे ठेवावे. आठवी-नववीच्या मुलांचा शनिवारचा दीड तास गेल्याने कोणाचे नुकसान होणार नाही.

चौथा आक्षेप सर्वांत खरा. असे बहुतेक उद्योग अर्धवट राहतात. उत्साह पहिल्या महिन्याचा, मग ताडपत्रीवर धूळ. यावर उपाय एवढाच की सुरुवात लहान करावी. बारा-चौदा फुटांची, केबिन नसलेली, उघडी बोट घ्यावी. छप्पर आधी, बोट नंतर. पहिल्या हिवाळ्यात फक्त तपासणी, सफाई आणि वाळवण. दुसऱ्यात लाकूड आणि फायबर. तिसऱ्यात रंग आणि इंजिन. प्रत्येक शनिवारी काय केले ते एका जाड वहीत मुलांनी लिहावे. मराठीत लिहावे, त्याखाली दोन ओळी कन्नडमध्येही लिहाव्यात, कारण पुढे ही वही नदीकाठच्या गावातही वाचली जावी अशी आमची इच्छा आहे.

बोट तयार झाल्यावर ती सहलीच्या फेऱ्यांसाठी वापरू नये. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ प्रमाणे तिची तपासणी आणि नोंदणी करून ती नदीकाठच्या एखाद्या ग्रामपंचायतीला द्यावी, बरोबर लाइफ जॅकेटे द्यावीत, आणि बोटीत किती माणसे बसवायची तो आकडा मोठ्या अक्षरांत रंगवून द्यावा. शाळेने वर्षातून दोनदा जाऊन तिची पाहणी करावी. शेतकरी मृगापूर्वी तिफण आणि वखर पाहून ठेवतो. तशीच बोट एकदा मृगापूर्वी आणि एकदा पोळ्यानंतर पाहावी, कारण आपल्याकडचे अलीकडचे मोठे पूर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आले आहेत.

विश्वस्त मंडळाकडे आमची मागणी मोठी नाही. आवाराच्या कोपऱ्यात पत्र्याचे एक छप्पर आणि शनिवारचा दीड तास एवढे मिळावे. ज्या पालकांच्या हाती सुतारकाम, वेल्डिंग, इंजिन किंवा फायबरचे कौशल्य आहे त्यांनी आपली नावे कार्यालयात नोंदवावीत. आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही दिवाळीच्या सुटीत मामाच्या किंवा आत्याच्या गावी जाल तेव्हा तलावाच्या, नदीच्या काठी एखादी पालथी पडलेली बोट दिसते का ते पाहून या. दिसली तर ती कोणाची आहे ते मोठ्यांकडून विचारून घ्या, आणि परवानगी मिळाली तर हलक्या हाताने वाजवून पाहा. आवाज कसा आला ते आम्हाला जरूर सांगा.