छत्तीस तासांनंतर काय?

मुंबईची तहान भागवणारं भातसा धरण शहापूर तालुक्यात, तानसा तलावही तिथलाच. तरी मे महिन्यात याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर बायाबापड्या टँकरची वाट बघत बसतात. हॅकेथॉनसाठी, म्हणजे ठरलेल्या तासांत अ‍ॅप उभं करायच्या स्पर्धेसाठी, याहून सरस प्रश्न शोधून सापडणार नाही.

केंद्र सरकारची स्मार्ट इंडिया हॅकेथॉन २०१७ पासून भरते. सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग ३६ तासांची. पडदा देखणा, सर्व्हर चपळ, वाय-फाय जोरात; टाळ्या पडतात आणि बहुतेक प्रकल्प तिथंच झोपी जातात.

माळशेजच्या पायथ्याच्या मुरबाडमध्ये डोंगराआड गेलं की रेंज जाते. तिथं टँकरच्या फेऱ्या टिपणाऱ्या अ‍ॅपला प्रत्येक नोंद आधी फोनमध्येच साठवावी लागते आणि नेटवर्क आल्यावर पुढं पाठवावी लागते. नोंद पोचली पण तिची पोच अडकली, तर फोन ती पुन्हा पाठवतो, मग एकाच टँकरच्या दोन फेऱ्या दिसतात. (कंत्राटदाराची चंगळ!) उपाय साधा आहे: प्रत्येक नोंदीला फोनवरच वेगळा क्रमांक द्यायचा, तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर डेटाबेसनं नाकारायचा. पडद्यापासून डेटाबेसपर्यंत सगळं सांभाळणाऱ्या, स्वतःला ‘फुल स्टॅक’ म्हणवणाऱ्या इंजिनिअरची खरी परीक्षा इथं आहे.

शहापूरच्याच पाष्टेपाड्यात जिल्हा परिषदेचे शिक्षक संदीप गुंड यांनी शाळा डिजिटल केली, ती विजेची अडचण गृहीत धरून, सौरऊर्जेची जोड देऊन. संगणकाआधी त्यांनी गाव बघितलं.

परीक्षकांनीही एक अट घालावी: सादरीकरणाच्या मध्येच इंटरनेट बंद करायचं आणि मग गुण द्यायचे.