ओलीची वही



लातूर पॅटर्नचं कौतुक पेपरात वर्षानुवर्षं छापून येतंय. गुणवंतांचे फोटो चौकाचौकात फ्लेक्सवर. ती पोरं रात्री कुठं झोपतात, ते कुणी छापत नाही. आपण छापू.

पत्र्याची खोली. उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात गळकी. खिडकी असलीच तर संडासाच्या बोळात उघडणारी. तीन कॉट, चार पोरं, अन् भाडं डोक्यागणिक. भिंतीला ओल, ओलीवर काळी बुरशी, अन् त्याच भिंतीला टेकून नीटची तयारी करणारा पोरगा खोकतोय. श्वसनसंस्थेचा धडा त्याला तोंडपाठ आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, देशभर बातमी झाली. खोलीच्या टाकीचा कॉक मात्र घरमालकाच्या हातात. नांदेडच्या खोल्यांची कथा निराळी नाही.

मग पोरगा बोलत का नाही? खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. "आडनाव काय म्हणलास?" खरं सांगितलं की खोली "कालच गेली" असते. मग कुणी गावाचं नाव आडनाव म्हणून ठोकून देतो, कुणी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावायचा टाळतो. नाव चोरून खोली घेतलेला माणूस ओलीची तक्रार कुठल्या तोंडानं करणार? आपणहून तोंड शिवलेला भाडेकरू. घरमालकाला असला भाडेकरू लई परवडतो.

१९१७ साली बडोद्यात हेच झालं. परदेशात शिकून आलेल्या, संस्थानात नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांना शहरात खोली मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी डझनभर लोक काठ्या घेऊन दारात. हा प्रसंग आपण भाषणात सांगतो, टाळ्या घेतो. पण बाबासाहेबांनी तो लिहिलाय कसा, ते कुणी बघत नाही. दिवसाचे दीड रुपये, जेवणासकट. वर एक लहान खोली, शेजारी न्हाणीघर, एक नळ. अडगळीनं भरलेलं मोठं दालन. विजेचा दिवा नाही. रखवालदार कंदील आणून द्यायचा, त्याचा उजेड काही इंचापलीकडे जायचा नाही. वटवाघळं. एवढ्या अपमानातही भाड्याचा आकडा अन् उजेडाचं माप टिपलंय. "माझ्यावर अन्याय झाला" एवढंच म्हणणाऱ्याला व्यवस्था रडगाणं म्हणून हसण्यावारी नेते. आकड्यावर हसणं तिला जड जातं.

तेव्हा वही काढ. तारीख टाक. खोली किती फूट बाय किती, माणसं किती, संडास कितीजणांत एक, पाणी किती वाजता येतं किती वाजता जातं, ते लिही. ओलीचा फोटो दर पंधरवड्याला एकाच जागेवरून काढ, शेजारी फूटपट्टी धर. फोनातला मूळ फोटो पुसू नकोस. खोकला झाला की सरकारी दवाखान्यात जा अन् केसपेपर जपून ठेव. भाडं फोनवरून पाठव. "रोखच दे" म्हणाला तर पावती माग. पावती देणं कायद्यानं त्याच्यावर बंधनकारक आहे. महापालिकेत अर्ज दिलास तर आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याबिगर खिडकी सोडू नकोस.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. त्याचं कलम १४ सांगतं : दुरुस्ती घरमालकाची. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत केली नाही तर भाडेकरूंनी करावी अन् खर्च भाड्यातून कापावा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. कलम ५५ : करार लेखी अन् नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी घरमालकाची, करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जाईल, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे त्यानं कागद केला नाही तर तुझी वही बोलते. (अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर तुला "भाडेकरू"च मानायचं नाही, ही पळवाट आहे. कलम ५५ मात्र तिलाही लागू आहे.)

सरकारचंही ऐका. २०१७ च्या शासन निर्णयात स्वाधार योजनेतून महापालिका शहरातल्या पोराला निवासासाठी वर्षाला १५,००० ठरले. महिन्याला १,२५०! एवढ्यात हवेशीर खोली समाजकल्याणच्या साहेबांनी स्वतः शोधून दाखवावी. वर भाडेकरार जोडायचा. करारावर खरं आडनाव. अनुदान पाहिजे तर नाव सांग, खोली पाहिजे तर नाव लपव. या दोन दारांच्या मधल्या बोळात आपली पोरं उभी आहेत.

हाकलतील, ही भीती खोटी नाही. परीक्षेच्या तोंडावरच हाकलतील. म्हणून एकट्यानं नोटीस देऊ नका. कायद्यानं संयुक्त नोटीस चालते. एका मजल्यावरच्या सगळ्यांनी सह्या करा. त्यात मराठ्याचा, धनगराचा, मुसलमानाचा पोरगाही येतो; बुरशी त्याच्याही फुप्फुसात जाते. तो सही करतो का नाही, तेही वहीत लिहा.

पुढच्या अंकासाठी नोंदी पाठवा. कुठला वॉर्ड, भाडं किती, डोकी किती, संडास किती, ओल कुठवर चढली. स्वतःचं नाव टाकायचं का नाही, ते तुम्ही ठरवा. माप मात्र फुटात.