ऑटो माझा, डीपी सगळ्यांची



गेल्या पौषात आमची डीपी जळाली आणि 11 दिवस रानात थ्री फेज नव्हती. त्या वेळी पेजवर काही लिहिलं नाही, कारण डोकं तापलेलं होतं. आता गहू निघून घरात आलाय, जो काय आला तो. म्हणून शांतपणे लिहितो. विषय डीपीचा वाटेल, पण खरा विषय आपल्या स्टार्टरशेजारी बसवलेल्या मोबाईल पेटीचा आहे. फोनवरून मोटर चालू-बंद करणारी ती पेटी, जी आता गावोगाव झालीय.

आधीच सांगतो, मी या पेटीच्या विरोधात नाही. उलट माझ्या शेतीच्या आयुष्यात ज्या दोन-तीन वस्तूंनी खरा फरक पडला त्यात ही एक आहे. ही कल्पना आपल्याच महाराष्ट्रातली. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी आजोबांना रात्री-अपरात्री मोटर चालू करायला रानात जाताना पाहिलं होतं, त्यातून पुढं त्यांचं नॅनो गणेश हे यंत्र आलं. आता बाजारात अशा डझनभर कंपन्यांच्या पेट्या मिळतात. काम एकच. पेटीत सिम असतं, आपण फोन लावायचा, नंबर दाबायचा, मोटर चालू. लाईट आली-गेली, फेज गेला, मोटर कोरडी चालली, सगळा मेसेज येतो.

ज्यानं आयुष्यभर रात्रपाळीच्या लाईटीला दारं धरली त्यालाच याची किंमत कळते. हातात बॅटरी, पायात बूट, उसाच्या कडेनं जाताना अंगावर काटा. आमच्या पट्ट्यात बिबट्या आता कौतुकाचा विषय राहिलेला नाही. घोणस, मण्यार हे तर पहिल्यापासूनच आहेत. लाईट जाऊन परत आली की पुन्हा उठून विहिरीवर जायचं, रात्रीतून तीन-चार वेळा. त्यामुळं "ऑटो काढून टाका" असं कुणी पंख्याखाली बसून सांगितलं की मला राग येतो. ज्यानं सांगायचं त्यानं एकदा रात्री 2 वाजता बांधावरून चालून बघावं.

पण तरीही ती डीपी आम्हीच जाळली. आमच्या ऑटोनं जाळली. त्यात माझी पेटी पण होती.

आमच्या डीपीवर 11 मोटरी आहेत. 8 जणांकडं मोबाईल पेट्या, दोघांकडं साधा ऑटो स्विच, आणि एकटे आप्पा हातानं हिरवं बटण दाबणारे. आप्पा माझे चुलते, वय पंचाहत्तरच्या पुढं. त्यांना पोरं म्हणायची, "आप्पा, पेटी बसवा की." आप्पा म्हणायचे, "माझी मोटर मला हाक मारल्याशिवाय चालू होत नाही, बरं हाय."

डीपी 63 केव्हीएची. आता जरा हिशेब करू. मी दहावी पास माणूस, पण हा हिशेब दहावीच्या पलीकडचा नाही. 63 केव्हीएच्या डीपीला एका फेजवर साधारण 84 अँपिअर झेपतात. 5 एचपीची मोटर नीट चालताना साडेसात अँपिअर घेते. 11 मोटरी म्हणजे 82-83 अँपिअर. म्हणजे डीपी काठोकाठ भरली, पण चालते. कागदावर 5 आणि विहिरीत साडेसात एचपी असं करणारे दोघं-तिघं असतातच, तो विषय आज सोडून देतो.

मात्र ही झाली चालू असलेल्या मोटरीची गोष्ट. मोटर सुरू होताना पहिले काही सेकंद ती पाच-सहा पट करंट ओढते. बंद पडलेली भरली गाडी ढकलताना पहिला जोर जसा जास्त लागतो तसं. म्हणजे एक मोटर सुरू होताना 45 अँपिअर. आपापल्या वेळेला एकेक चालू झाली तर डीपीला काहीच वाटत नाही. पण 10 मोटरी एकाच क्षणाला उठल्या तर? साडेचारशे अँपिअर. 84 झेपणाऱ्या डीपीवर.

बरं, तेवढ्यावर थांबत नाही. एवढा ओढा पडला की व्होल्टेज खाली येतं. व्होल्टेज पाऊण झालं तर मोटरीचा जोर पाऊण राहत नाही, तो निम्म्याच्या आसपास येतो. मग मोटरी उठत नाहीत, नुसत्या घुमतात. आणि घुमणारी मोटर तो सुरुवातीचा जादा करंट ओढतच राहते. दोन-तीन सेकंदांचं काम लांबत जातं. वाइंडिंग तापतं, तुमच्या मोटरीचं पण आणि डीपीचं पण.

तुम्ही म्हणाल, पेटीत तर डिले असतो. लाईट आली की लगेच नाही, थोड्या वेळानं मोटर सुरू होते. बरोबर. मला पण तेच वाटायचं, आपल्याला डिले आहे म्हणजे आपण सुरक्षित. गोची तिथंच होती. आमच्या 8 पेट्यांतल्या 6 एकाच दुकानातून आणलेल्या, एकाच कंपनीच्या. कारखान्यातून जो डिले भरून आला तोच सगळ्यांना. कुणी हात लावलेला नाही. म्हणजे लाईट आल्यावर सगळ्या पेट्या तेवढा वेळ शांत राहायच्या आणि मग एका दमात सगळ्या मोटरी उठवायच्या. व्होल्टेज पडलं की सगळ्या पेट्या लो-व्होल्टेज म्हणून एकदमच मोटर बंद करायच्या. परत तेवढाच वेळ थांबायच्या. परत एकदम. रात्रभर हा खेळ. आम्ही घरात गोधडीत, आणि डीपीला दर थोड्या वेळानं दणका.

यात फ्यूज उडायला पाहिजे होता. उडत होताच, महिनाभर उडत होता. त्याला कंटाळून फ्यूजमध्ये जाड तारेचा पीळ भरला गेला. कुणी भरला हे इथं लिहीत नाही, मी शेजारी उभं राहून बघत होतो एवढं लिहितो. डीपीला हात लावणं हे वायरमनचं काम आहे, आपलं नाही. त्यात जीव जातो. आणि जाड तार भरली की फ्यूज वाचतो, पण मग जळायला डीपीच उरते.

असो. डीपी गेली. माझा गहू फुलोऱ्यावर होता. गव्हाला मुकुटमुळं फुटताना, कांडी धरताना, फुलोऱ्यात आणि दाणा भरताना पाणी चुकवू नये हे आपण सगळे जाणतो. फुलोऱ्याचं पाणी चुकलं ते चुकलंच. त्या तुकड्यात एकरी 16-17 पोती होतात, यंदा 11 झाली. मी केलं, मी भोगलं. पण आप्पांचा अर्धा एकर रांगडा कांदा नेमका गाठ फुगायच्या वेळी वाळला. निघाली सगळी गोल्टी. ज्या माणसाकडं ऑटोच नव्हता त्याचं नुकसान जास्त. आप्पा आम्हाला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून माझं मत असं झालंय. टीव्ही घेतला, फोन घेतला तर तो चांगला की वाईट हे आपल्यापुरतं बघून चालतं. मोटरीला लावलेली वस्तू आपल्यापुरती नसते. ती घेताना दुकानात आपण विचारतो, किती एचपीला चालते, गॅरंटी किती, पैसे किती. एक प्रश्न कुणीच विचारत नाही, माझ्या डीपीवर अशा आणखी किती आहेत? एका पेटीनं काही बिघडत नाही. दहावी पेटी बसली की नऊ जणांचा प्रश्न होतो.

डीपी बसल्यावर आम्ही काय केलं ते सांगतो, कुणाच्या उपयोगी पडलं तर बघा.

नवीन डीपीची पूजा झाली आणि तिथंच नारळाचं खोबरं खाता खाता 11 जणांना नंबर दिले. पहिल्याचा डिले 2 मिनिटं, दुसऱ्याचा 4, तिसऱ्याचा 6, असं करत शेवटच्याचा 22. बऱ्याचशा मोबाईल पेट्यांत हा डिले मेसेज पाठवून बदलता येतो, पद्धत सोबतच्या पुस्तिकेत असते. पुस्तिका हरवली असेल तर दुकानदाराला फोन करून विचारा, त्याला माहीत असतं. साध्या ऑटोवाल्या दोघांनी वेगळा टायमर बसवून घेतला. 2 मिनिटं एवढ्यासाठी की सगळ्या पेट्यांची घड्याळं काही काट्यावर चालत नाहीत, थोडं मागं-पुढं झालं तरी एकमेकांवर पडू नये. आप्पांना पहिला नंबर दिला. ते हातानं चालू करतात, त्यांना नंबराची गरज नाही, पण मान त्यांचा.

यावर भांडण झालंच. शेवटचा नंबर कुणी घ्यायचा? "माझं पाणी 22 मिनिटं मागं का?" असं एकानं विचारलं. प्रश्न चुकीचा नाही. रात्रीतून चारदा लाईट गेली तर त्याचा सव्वा ते दीड तास जातो. म्हणून दर महिन्याला नंबर एकेक पुढं सरकवतो. आणि त्याला मी एवढंच विचारलं, 11 दिवस म्हणजे किती मिनिटं होतात ते एकदा मोज.

दुसरं काम, प्रत्येकानं कॅपॅसिटर बसवला. 5 एचपीला 2 केव्हीएआरचा. वीज कंपनीचे लोक किती वर्षांपासून सांगतात, आपण एका कानानं ऐकतो. माझ्या मोटरीवर टाँग टेस्टर लावून बघितलं, कॅपॅसिटर नसताना आठच्या वर होता, लावल्यावर साडेसहाच्या आसपास आला. पण नीट समजून घ्या, कॅपॅसिटर हा चालू मोटरीचा भार हलका करतो. सगळ्या एकदम उठल्या तर तो काही वाचवत नाही. त्याला वेगवेगळा डिलेच पाहिजे. दोन्ही करा.

तिसरं, सिम. पेट्या तपासल्या तेव्हा 8 पैकी 3 सिम बंद निघाली, रिचार्ज संपलेला. सिम मेलं की पेटी मुकी होते, फोन घेत नाही, मेसेज देत नाही, पण ऑटोवर ठेवलेली असेल तर ऑटो चालूच राहतो. म्हणजे हजारो रुपयांची पेटी साध्या ऑटो स्विचचं काम करते. पेटीच्या सिमला इंटरनेट लागत नाही. ट्रायनं डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना नुसत्या बोलण्या-मेसेजचे वेगळे पॅक द्यायला सांगितलंय, ते मागून घ्या. आणि जुनी पेटी 2जी वर चालणारी असेल तर त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओला 2जी नाहीच. नवीन पेटी घेताना ती 4जी आहे का ते आधी विचारा.

चौथी गोष्ट काम नव्हे, विनंती. ज्या दिवशी लाईट दिवसा आहे आणि तुम्ही रानातच आहात, त्या दिवशी ऑटो बंद ठेवा. फोन लावून मोटर चालू करा. पेटी फोनसाठी घेतलीय ना? ऑटो रात्रीसाठी राहू द्या.

त्यानंतर तीन महिने झाले. फ्यूज एकदा उडाला, तो पण वादळात. एवढ्यानं सगळं सिद्ध झालं असं मी म्हणत नाही, वैशाखातला भार अजून बघायचाय. दिवसा सौर वाहिनीची लाईट सगळीकडं आली तर रात्रीचा त्रास कमी होईल, पण दिवसा तरी लाईट जायची-यायची राहणारच, आणि मोटरी एकदम उठायच्या त्या उठणारच.

पेट्या विकणाऱ्या दुकानदार मित्रांना सांगणं आहे. पेटी बसवून देताना गिऱ्हाइकाला विचारा, तुमच्या डीपीवर कितवी? आणि डिले वेगळा भरून द्या. दोन मिनिटांचं काम आहे. कृषी सहायक आणि शास्त्रज्ञ मंडळी हे पेज वाचतात, त्यांना पण सांगणं आहे. मेळाव्यात ड्रोन दाखवता, ॲप दाखवता, चांगलं आहे. एकदा एका डीपीवरचे सगळे शेतकरी एकत्र बसवून हा डिले पण भरून दाखवा. त्यातून वाचलेलं पाणी कुठल्याही ॲपपेक्षा कमी नसेल.

आणि तुम्ही आज एवढंच करा. तुमच्या डीपीवर किती मोटरी, किती ऑटोवर, कुणाचा डिले किती, हे कागदावर लिहा. आपल्या डीपीवर लाईट आल्यावर सगळ्या मोटरींचा आवाज एकदम येतो का ते एकदा कान देऊन ऐका. येत असेल तर उद्याच चहाला बसा सगळे.

आकडे खाली कमेंटमध्ये टाका. आमचे टाकतो: मोटरी 11, ऑटोवर 10, डिले सगळ्यांचा वेगळा.

राम राम.