मिश्र कळपाचे कॅल्शियम : पोत्यात नको, करवंटीत हवे

परसातील कोंबड्यांच्या आहाराविषयीचा बराचसा सल्ला मोठ्या फार्मच्या व्यवस्थेवर बेतलेला असतो. तेथे एका शेडमध्ये एकाच वयाचे पक्षी असतात. म्हणून चिक, ग्रोअर आणि लेअर अशी तीन प्रकारची पोती तीन शेडना वाटून देता येतात. अंगणात मात्र अंड्यावरची कोंबडी, तलंग, कोंबडा आणि पिले एकाच भांड्याभोवती जमतात. या मिश्र कळपाला कोणते खाद्य द्यावे, हा प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु चुकीच्या उत्तराची किंमत बहुधा घरातील स्त्रीला मोजावी लागते. कारण कळप तिच्या देखरेखीखाली असतो आणि अंड्यांचा पैसाही तिच्याच हाती येतो.

बंगळूरच्या उत्तरेस असलेल्या येलहंक्याहून शहराकडे येताना हेब्बाळ लागते. तेथे विकसित झालेली 'गिरिराज' कोंबडी महाराष्ट्रातील परसांतही चांगली परिचित आहे. पक्षी तेथून इकडे आला. आहाराचा एक समजही दोन्हीकडे सारखाच आढळतो. येलहंक्याच्या भोवतालचा ग्रामीण भाग नाचणीचा. आपल्याकडे कोकण आणि कोल्हापूरचा डोंगराळ भागही नाचणीचाच. नाचणीत कॅल्शियम भरपूर, मग कोंबडीला वेगळे कशाला, असा हा समज आहे.

हिशेब मात्र वेगळे सांगतो. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. माणसाच्या आहारात हे प्रमाण मोठे आहे. एका अंड्याच्या कवचात मात्र सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते आणि पोटात गेलेले सर्व कॅल्शियम अंगी लागत नाही. दिवसभरात १०० ग्रॅम नाचणी खाल्ली तरी कवचाच्या गरजेचा सहावा हिस्साही भरत नाही. उरलेले कॅल्शियम कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. मऊ कवचाची अंडी आणि पायांत अशक्त झालेली कोंबडी ही त्याची पुढची पायरी होय.

यावर दुकानात सुचवला जाणारा उपाय म्हणजे सर्वांनाच लेअर खाद्य. माझा आक्षेप येथे आहे. लेअर खाद्यात साधारण ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असते. वाढीच्या पक्ष्याला सुमारे १ टक्का पुरते. तलंगा आणि पिलांना हे खाद्य आठवडेच्या आठवडे मिळाले, तर जादा कॅल्शियम बाहेर टाकताना मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. शवविच्छेदनात अवयवांवर खडूसारखा पांढरा थर दिसतो. कोंबड्याला, खुडूक कोंबडीला किंवा पिसे झडणाऱ्या कोंबडीलाही एवढ्या कॅल्शियमची गरज नसते.

म्हणून मिश्र कळपासाठी नियम एकच असावा : खाद्य सर्वांत लहान पक्ष्याला सोसेल असे, आणि कॅल्शियम वेगळ्या भांड्यात. सुमारे १६ टक्के प्रथिनांचे ग्रोअर खाद्य सर्वांना द्यावे. लहान पिलांना अधिक प्रथिने लागतात. त्यांचे चिक खाद्य डालग्याखाली निराळे ठेवावे. शिंपल्याचा किंवा चुनखडीचा २ ते ४ मिलिमीटरचा भरड चुरा करवंटीत भरून ती कोरड्या जागी टांगावी. अंड्यावरच्या कोंबडीला कॅल्शियमची स्वतंत्र भूक असते आणि दुपारनंतर ती वाढते; इतर पक्षी त्या करवंटीकडे फारसे वळत नाहीत. मात्र हा चुरा दाण्यात मिसळू नये. मिसळल्यास निवडीची सोयच संपते.

भरड चुऱ्याचा आग्रह अकारण नाही. कवचाचा मोठा भाग रात्री तयार होतो. भरड कण गिझार्डमध्ये रेंगाळून रात्रभर विरघळत राहतात. बारीक भुकटी लवकर पुढे सरकते. घरची अंड्यांची कवचे उकळून, वाळवून, चुरून वापरता येतात. कळीचा चुना मात्र कदापि देऊ नये. तो दाहक असतो.

द्रवरूप कॅल्शियमच्या बाटल्यांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. लेबलवरचे प्रमाण वाचावे. समजा दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम असेल, तर एका अंड्याच्या २ ग्रॅमसाठी १०० मिलिलिटर लागेल. आजारी पक्ष्याला पशुवैद्यकाने ते सुचवणे वेगळे. रोजच्या गरजेसाठी शिंपल्याचा चुराच परवडतो.

येथे एक आक्षेप रास्त आहे. चरणाऱ्या देशी कोंबडीची अंडी कमी असतात, तिला विकतचे खाद्य कशाला? खरे आहे, तिचे पोट बरेचसे अंगणावर भरते. परंतु सुधारित जातीचा पक्षी अधिक अंडी देतो आणि त्याची गरजही तेवढीच वाढते. जात बदलली, पण आहार जुनाच राहिला, तर दोष जातीच्या माथी बसतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी पिले वाटताना किती पक्षी दिले एवढीच नोंद करून थांबू नये. प्रत्येक घरात कॅल्शियमची वेगळी करवंटी टांगली गेली का, हेही पाहावे. हे काम पैशाचे नाही, आठवणीचे आहे. आणि ती आठवण देणे आपल्याच कामाचा भाग आहे.