आधी मूठ, मग नेम

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात ब्राँझपदक मिळवले, सरबज्योत सिंगच्या साथीने मिश्र सांघिक गटात दुसरे. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे रायफलमध्ये ब्राँझ घेऊन आला. अशा यशानंतर आपल्या रेंजवर नवी मुले येत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण या मुलांच्या हाती पहिल्या दिवशी जे पिस्तूल येते ते क्लबचे असते आणि त्यावर बहुधा मोठ्या माणसाच्या उजव्या हाताची ग्रिप बसवलेली असते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचे बोट ट्रिगरपर्यंत जेमतेम पोचते. महिन्याभरात तिच्या वहीत शेरा पडतो : ‘ट्रिगर झटकते’. सर्व प्रशिक्षकांना आमची विनंती आहे की, हा शेरा लिहिण्याआधी त्या मुलीच्या हातातली ग्रिप पाहा.

एअर पिस्तुलाच्या दोन साईटमधले अंतर सुमारे ३३ सेंटीमीटर असते. फोरसाईट बॅकसाईटच्या खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३० मिलिमीटर बाजूला जातो. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर आहे, म्हणजे एवढ्याशा चुकीने दहाचा सात होतो. हात थोडा डुलला आणि दोन्ही साईट एका रेषेत राहिल्या, तर एवढे नुकसान होत नाही. मनगटात पिस्तूल वळले की मात्र होते. ते वळू न देणे हे ग्रिपचे काम आहे. पात्रता फेरीत ६० शॉट, तेही एका हाताने मारायचे असतात. प्रत्येक शॉटला पिस्तूल त्याच जागी, त्याच कोनात हातात बसले नाही, तर खेळाडूची निम्मी शक्ती ते सावरण्यात जाते.

ग्रिप मोठी असली की तर्जनीचे टोकच ट्रिगरला लागते. दाब सरळ मागे न जाता तिरका पडतो आणि छर्रे बाजूला जमतात. ग्रिप लहान असली की बोटांची टोके तळहातात रुततात आणि ट्रिगर ओढताना सगळी मूठ आवळली जाते. योग्य ग्रिपमध्ये तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर येते, त्या बोटाचा लाकडाला स्पर्श होत नाही, मधली दोन बोटे पिस्तूल सरळ मागे धरतात आणि अंगठा नुसता टेकलेला असतो. पाम शेल्फ, म्हणजे तळहाताखालची फळी, तळहाताच्या कडेला खालून लागलेली हवी. ती करकचून बसवली तर तासाभरात बोटे बधिर होतात. लांब सत्रात आणि आपल्या उन्हाळ्यात हात किंचित फुगतोही, त्यामुळे सकाळच्या थंड हाताला घट्ट वाटणारी ग्रिप दुपारी बोचते.

पारख करायला महागडे उपकरण लागत नाही. पिस्तूल रिकामे आहे याची खात्री करा. खेळाडूने डोळे मिटून ते उचलावे, मनगट स्थिर करावे आणि मग डोळे उघडावेत. फोरसाईट खाचेच्या मधोमध दिसली तर ठीक. दर वेळी ती एकाच बाजूला दिसत असेल, तर मनगटाला दोष देऊ नका, ग्रिप सुधारा. तळहाताला खडूची पूड लावून ग्रिप धरायला लावली, तर लाकूड कुठे टेकते आणि कुठे पोकळी राहते तेही दिसते. पोकळीत एपॉक्सी पुटी भरावी, हाताला पातळ प्लास्टिक गुंडाळून नेम धरल्यासारखी पकड घ्यावी आणि पुटी सुकू द्यावी. जिथे टोचते तिथे कानस आणि पॉलिश पेपर. हे घासकाम ग्रिप पिस्तुलावरून काढूनच करावे आणि तोंडाला मास्क बांधावा. काढलेले लाकूड परत येत नाही, म्हणून एका वेळी थोडेच काढा, एका वेळी एकच बदल करा, तो वहीत लिहा आणि पुढचा बदल काही दिवसांच्या सरावानंतरच करा. स्पर्धा तोंडावर असताना कानस कपाटातच राहू द्या.

नियमांचे भान सुरुवातीपासून हवे. १० मीटरचे पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. तळहाताच्या बाजूला पुटी चढवत गेले की ५० मिलिमीटरची रुंदी नकळत ओलांडली जाते. पाम शेल्फचा ग्रिपशी कोन ९० अंशांपेक्षा कमी चालत नाही, मनगट मोकळे दिसावे लागते, हाताला पूर्ण वेढणारी ग्रिप चालत नाही. महिनोन्‌महिने जमवलेली ग्रिप इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर नाकारली गेली, तर खेळाडू स्पर्धेआधीच खचतो. त्याची जबाबदारी प्रशिक्षकाने घ्यावी.

डावखुऱ्या मुलांबद्दल वेगळे सांगायला हवे. क्लबकडे डावी ग्रिप नाही, एवढ्याच कारणाने मुलाला उजव्या हाताने नेमबाजी शिकवणे अन्यायाचे आहे. हंगेरीच्या कारोली ताकाच यांचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात निकामी झाला. ते डाव्या हाताने शिकले आणि १९४८ व १९५२ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. नाइलाजाने बदललेल्या हाताने एवढे साधते, तर जो हात जन्मापासून चालतो त्याला आपण का नाकारावे?

महाराष्ट्राला पिस्तुलाची परंपरा आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. ही परंपरा पुढे न्यायची तर प्रत्येक मुलाला नवे पिस्तूल देणे जिल्ह्याच्या क्लबला परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. पण ग्रिप एका-दोन स्क्रूंनी निघते आणि बसते. एकाच पिस्तुलाला लहान, मध्यम, मोठी आणि एक डावी अशा चार ग्रिप ठेवल्या, तर तेच पिस्तूल कितीतरी हातांना चालेल. गावातला कुशल सुतार अक्रोडाच्या किंवा सागाच्या लाकडात त्या करून देऊ शकतो. त्याला रेंजवर बोलवा, नियम समजावून सांगा, खेळाडूंचे हात दाखवा. ऊसतोडणीला निघालेला माणूस कोयत्याची मूठ आधी घट्ट बसवतो आणि मगच फडात पाय टाकतो. ती शहाणीव आपल्याला परकी नाही.

जिल्हा संघटनांनी पुढच्या प्रशिक्षक शिबिरात एक पूर्ण दिवस ग्रिप बसवण्यासाठी ठेवावा. आणि प्रशिक्षकांनी येत्या आठवड्यात आपल्या रेंजवरच्या प्रत्येक मुलाला डोळे मिटून पिस्तूल उचलायला सांगावे. फोरसाईट कुठे दिसते ते नोंदवा आणि तिथून कामाला लागा.